नाईट हॉल्ट

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या पोर्चमध्ये भाड्याची इनोव्हा येऊन थांबते, तेव्हा पुढची दहा मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे घडतं. फाटकाशी बॉनेट आणि डिकी उघडून तपासणी झालेली असते, गाडीच्या पोटाखालून आरसा फिरलेला असतो. दरवान दार उघडतो, बॅगा ट्रॉलीवर चढतात, पाहुणे काउंटरशी जाऊन आधार कार्डं दाखवतात, खोलीची किल्ली घेतात. गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाची नोंद होते. जो उतरलेला नाही त्याची होत नाही. त्याला एवढंच विचारतात, गाडी थांबणार की जाणार? आणि लिफ्टकडे वळता वळता पाहुणे सांगून जातात, सकाळी साडेपाचला तयार राहा. तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

हा लेख मधल्या साडेसहा तासांबद्दल आहे.

आपल्याकडे ‘भाड्याची गाडी’ म्हटलं की गाडीबरोबर ड्रायव्हर आलाच. अमेरिकेत १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणाने फोर्डच्या बारा मॉडेल-टी घेऊन गाड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. तोच धंदा पुढे हर्ट्झ या नावाने जगभर पसरला. तिथे गिऱ्हाईक किल्ली घेतं आणि स्वतः चालवतं. आपल्याकडेही १९८९ची रेंट-अ-कॅब योजना आहे, किमान पन्नास गाड्या असलेल्या कंपनीला त्यात परवाना मिळतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की ती स्वतः चालवायची भाड्याची गाडी समजावी. शहरांत अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात. पण कुटुंब घेऊन चार दिवस बाहेर पडायचं असेल, लग्नाला जायचं असेल, परदेशातून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची असेल, तर बहुतेक मराठी घरांतून फोन जातो तो पिवळ्या पाटीवाल्यालाच. एर्टिगा हवी की क्रिस्टा, एसी चालू राहणार ना, टोल-पार्किंग वेगळं का, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, रात्रीचा भत्ता किती, हे सगळं विचारून होतं. ड्रायव्हर झोपणार कुठे, हा प्रश्न या यादीत नसतो.

या पिवळ्या पाटीच्या गाड्या रात्री कुठे उभ्या असतात ते पाहायचं तर कशेळीला यावं. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने निघून बाळकुम सोडलं, खाडीवरचा पूल ओलांडला, की भिवंडी तालुका सुरू होतो आणि पहिलं गाव लागतं ते कशेळी. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. मूळची ही भातशेतीची, आगरी वस्तीची गावं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत पोचणारे फ्रीज, साबण, चपला, मोबाइल आधी इथे उतरतात. गोदामांच्या मधूनमधून उंच सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत आणि रस्त्याच्या डोक्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५चे खांब आले आहेत. ठाण्यापेक्षा घर स्वस्त, गाडी लावायला सोसायटीबाहेर किंवा गोदामाच्या कडेला जागा, आणि पूल ओलांडला की मुंबईचा रस्ता. गाडी चालवून पोट भरणाऱ्याला असं ठिकाण सोयीचंच. कोणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेली असते, कोणी शेठच्या गाडीवर पगारी असतो, कोणाची गाडी कंपनीला लावलेली असते.

कशेळीतून कुलाबा चाळीसेक किलोमीटर. कापूरबावडी, माजिवडा, मग मुलुंडचा नाका. तिथे १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून लहान गाड्यांना टोल नाही. पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि फ्रीवे. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तासात गाडी पोचते. मोकळा असेल तर, ही अट मात्र मोठी आहे. रात्री शहरात अवजड गाड्या सोडल्या की कशेळीच्या पुलावर ट्रक आणि कंटेनरची रांग लागते, आणि त्या रांगेत इनोव्हाला वेगळी वाट नसते.

म्हणूनच घर चाळीस किलोमीटरवर असूनही कशेळीचा ड्रायव्हर मुंबईतल्या ड्युटीवर असताना घरी येत नाही. अकराला पाहुणे सोडले, साडेबाराला घर गाठलं, पहाटे चारला पुन्हा निघायचं. झोप तीन तास. शिवाय येण्याजाण्याचे ऐंशी किलोमीटर कोणाच्या खात्यावर घालायचे? हिशोब गॅरेज टू गॅरेज धरला तरी तो ड्युटीच्या सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या रात्रीचं डिझेल किंवा सीएनजी गिऱ्हाईक देत नाही आणि शेठही देत नाही. त्यामुळे ड्युटी स्लिपवर ‘नाईट हॉल्ट’ लिहिलं जातं आणि माणूस गाडीतच राहतो. नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून पाहुणे घेऊन आलेल्या ड्रायव्हरला तर घरी जायचा विचारही करता येत नाही.

गाडीत झोपणं म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट पाहायला हवं.

पहिला प्रश्न जागेचा. हॉटेलच्या बेसमेंटमध्ये गाडी लागली तर पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरला तिथे बसू देत नाहीत. सुरक्षेचं कारण असतं, आणि २६ नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या शहरात ते कारण कोणी हसण्यावारी नेणार नाही. मग गाडी बाहेर काढायची आणि उभी करायला रस्ता शोधायचा. दक्षिण मुंबईत बॅलार्ड इस्टेट किंवा नरिमन पॉइंटच्या बाजूला, विमानतळाजवळच्या हॉटेलांतली ड्युटी असेल तर अंधेरीच्या एखाद्या आतल्या गल्लीत. नो पार्किंगची पाटी बघायची, टोइंगची धास्ती ठेवायची, सोसायटीच्या वॉचमनने हटकलं की पुढे सरकायचं. जाणते ड्रायव्हर सुलभ शौचालय जवळ असेल अशी जागा धरतात, कारण पहाटेची सगळी मदार त्याच्यावर असते.

मग अंथरूण. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडी झोपायला वाईट, सलग बाक असलेली बरी. बाकावरही पाय लांब होत नाहीत. गुडघे मुडपून कुशीवर पडायचं किंवा पुढची सीट मागे पाडून अर्धवट बसल्या अवस्थेत रात्र काढायची. डिकीत एका पिशवीत चादर, उशी, टॉवेल, दात घासायचं सामान आणि दुसऱ्या दिवसाचा पांढरा शर्ट घडी घालून ठेवलेला असतो. ही पिशवी पाहुण्यांच्या बॅगांखाली दिसू नये याची काळजी घ्यावी लागते. काचा बंद केल्या तर घामाने जीव जातो, उघड्या ठेवल्या तर डास. म्हणून चार बोटं काच खाली करून फटीत जाळीचा तुकडा किंवा पंचा अडकवतात. एसी लावून झोपायची सोय नाही, कारण इंधनाचा हिशोब द्यावा लागतो. आणि हिशोब नसला तरी ते जिवावर बेतू शकतं. बंद जागेत इंजिन चालू राहिलं आणि धूर आत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्याला कळतही नाही. भर मे महिन्यात, उकाड्याने हैराण झालेला माणूस ‘दहाच मिनिटं’ म्हणून इंजिन चालू करतो, तेव्हा हा धोका त्याच्या उशाशी असतो.

पहाटे चारला उठून सुलभमध्ये आंघोळ, शर्ट बदलणं, गाडीला फडकं मारणं, आत सुगंधाचा फवारा. पाहुणे यायच्या आत रात्रीचा वास गाडीतून गेला पाहिजे. साडेपाचला तो हॉटेलच्या रांगेत उभा असतो. माइकवर गाडीचा नंबर पुकारला जातो आणि गाडी पोर्चमध्ये लागते. मागे बसणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हर कुठून तरी ताजातवाना होऊन आला आहे.

पाच-सहा वर्षांच्या सवयीने अंग सरावतं, असं ड्रायव्हर म्हणतात. कंबर आणि मान मात्र सरावत नाही, असंही तेच म्हणतात. बाई ड्रायव्हर असेल तर हा सगळा मार्गच बंद. मुंबईत २००८च्या सुमारास प्रियदर्शिनी टॅक्सी सुरू झाली, बायकांनी टॅक्सी उत्तम चालवून दाखवली. पण बाहेरगावच्या नाईट हॉल्टच्या ड्युटीवर बाई जवळजवळ दिसत नाही. रस्त्यावर उभ्या गाडीत रात्र काढायची अट असलेल्या कामाला ती कशी येणार?

भत्ता मिळतो ना, असं यावर उत्तर येतं. मिळतो. बहुतेक व्यवहारांत दिवसाचे तीनशे ते पाचशे रुपये, त्यातच चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. मुंबई सेंट्रल स्टेशनवर नोव्हेंबर २०२१मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं, तेव्हा एका माणसाला झोपण्यापुरत्या पॉडचा बारा तासांचा दर ९९९ रुपये होता. म्हणजे जेवण पूर्ण वगळलं तरी भत्त्यात तो पॉड परवडत नाही. आणि घरी चार पैसे पाठवायचे असलेला माणूस भत्ता झोपेवर उडवत नाही, तो वाचवतो. आपण दिलेल्या पैशातून त्याने खोली घ्यावी अशी अपेक्षा करणाऱ्याने त्या शहरातल्या लॉजचा दर एकदा फोन करून विचारावा.

कायदा काय म्हणतो? आश्चर्य वाटेल, पण कायद्याने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच ओळखला होता. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवले. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. आणि नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं की कामगाराला जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीगृहाची किंवा तशा दुसऱ्या योग्य जागेची सोय केली पाहिजे. नव्या कामगार संहितांच्या रचनेत हा कायदा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला.

मग अडलं कुठे? मालक कोण, इथेच अडलं. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. भाड्याच्या गाडीच्या धंद्यात साखळी असते. पाहुणा बुकिंग करतो एका कंपनीकडे, कंपनी ड्युटी देते व्हेंडरला, व्हेंडर फोन करतो गाडीमालकाला, आणि गाडीमालकाकडे एक किंवा दोन गाड्या. पुष्कळदा गाडीमालक आणि ड्रायव्हर एकच. प्रत्येकाने आपलं कमिशन घेतलेलं असतं, पण रात्रीच्या मुक्कामाची जबाबदारी शेवटच्या माणसावर येऊन पडते, आणि त्याने ती स्वतःच्या गाडीच्या सीटवर भागवायची असते. हॉटेलचा तर या साखळीशी कागदोपत्री संबंधच नाही. त्याच्या दृष्टीने पाहुणा आला आणि त्याची गाडी आली.

यात फक्त ड्रायव्हरचंच नुकसान आहे असं समजू नये. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहाला गाडी चालवत असतो तेव्हा सतरा तास भरलेले असतात. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत मुलांना घेऊन आपण बसणार नाही. पण न झोपलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत आपण बसतो, वर त्याला विचारतो, किती वाजता पोचू?

हे आता जास्त गंभीर झालं आहे, आणि त्याचा एक धागा पुन्हा भिवंडी तालुक्यातच येऊन मिळतो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कशेळीच्याच तालुक्यात, आमणे इथे संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. सपाटीवर गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. विदर्भातलं कुटुंब सकाळी निघून संध्याकाळी मुंबईतल्या हॉटेलात पोचू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई बघून तिसऱ्या दिवशी परत फिरू शकतं. पाहुण्यांसाठी हा मोठा आराम आहे. पण ड्रायव्हरसाठी मध्ये मुक्काम करायला लावणारे जुने थांबे गेले आणि एका दिवसात सातशे किलोमीटर करणं सहज झालं. सरळ, एकसुरी, सिग्नल नसलेल्या रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. तो परत निघेल तेव्हा आदली रात्र त्याने कुठे काढली, यावर त्या सातशे किलोमीटरांची सुरक्षितता अवलंबून आहे.

याउलट जिथे ड्रायव्हरच्या झोपेची सोय होते अशा जागा आपल्याच राज्यात आहेत. शिर्डी, शेगावला पाहुणे घेऊन जायला ड्रायव्हर खुशीत तयार असतात. संस्थानांच्या भक्तनिवासात सामायिक हॉल असतात, थोडक्या पैशात गादी आणि आंघोळीला पाणी मिळतं, शिर्डीच्या प्रसादालयात साहेब आणि ड्रायव्हर एकाच पंगतीला जेवतात. महाबळेश्वर, माथेरानच्या पायथ्याशी, गोव्यात, केरळात, राजस्थानात पुष्कळ छोटी हॉटेलं पार्किंगच्या मागे किंवा वर ड्रायव्हरसाठी एक खोली ठेवतात, चार गाद्या आणि एक पंखा. जेवणही बऱ्याचदा फुकट. यामागे व्यवहार आहे. पर्यटनाच्या गावात गिऱ्हाईक कुठे न्यायचं हे पुष्कळदा ड्रायव्हर ठरवतो, त्यामुळे हॉटेलवाला त्याला धरून असतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलचं बुकिंग महिनाभर आधी ऑनलाइन झालेलं असतं. ड्रायव्हरच्या शब्दाला तिथे किंमत नाही, आणि जागेची किंमत मात्र प्रचंड आहे. म्हणून जितकं हॉटेल मोठं तितकी ड्रायव्हरची रात्र बहुधा वाईट.

हे बाजाराच्या भरवशावर सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मुंबईतल्या हॉटेलांचा इतिहासही तेच सांगतो. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल १८६०च्या दशकात बांधायला घेतलं, तेव्हा मोटार जन्माला आलेली नव्हती. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं, तेव्हा मुंबईत मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या. हॉटेलच्या आवारात शेकडो गाड्यांची जागा हवी हे त्या काळी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आज प्रत्येक नव्या हॉटेलला बेसमेंट असतं, कारण विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंग सक्तीचं आहे. किती क्षेत्रफळामागे किती गाड्या, हे नियमाने ठरतं, तसं नकाशात दाखवावं लागतं, त्याशिवाय परवानगी मिळत नाही. गाडीला छप्पर मिळालं ते नियमामुळे. ती चालवणाऱ्यालाही तसंच मिळेल.

तमिळनाडूने ते करून दाखवलं आहे. २०२३मध्ये तिथल्या सरकारने इमारत नियमांत दुरुस्ती केली. पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी हॉटेल आणि लॉजनी आवारात किंवा २५० मीटरच्या आत डॉर्मिटरी आणि स्वच्छतागृह-स्नानगृहाची सोय करावी, असं नियमात आणलं. ट्रकवाल्यांकडेही देशाचं लक्ष गेलं आहे. तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाची विश्रांतीगृहं उभारली आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर ड्रायव्हरसाठी एक हजार विश्रांतीगृहांची घोषणा केली. युरोपियन न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये निकाल दिला की ट्रक ड्रायव्हरची पूर्ण साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये चालणार नाही. महामार्गावरच्या माणसाचा विचार सुरू झाला आहे. तमिळनाडू सोडलं तर शहराच्या मधोमध, दिव्यांच्या झगमगाटात गाडी लावून झोपलेला माणूस मात्र अजून नियमात फारसा आलेला नाही.

महाराष्ट्रात मुंबईसाठी विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे, उर्वरित राज्याच्या बहुतांश भागासाठी २०२०ची एकत्रित नियमावली आहे. दोन्हींत एका कलमाची भर पुरे: हॉटेलच्या पार्किंगच्या प्रमाणात ड्रायव्हरसाठी पलंग, पंखा, शौचालय, आंघोळीची जागा आणि कुलपाचं कपाट. जुन्या हॉटेलांना जागा नसेल तर शेजारच्या इमारतीत, दोन-तीन हॉटेलांनी मिळून. पे अँड पार्कच्या बहुमजली इमारतीत महापालिका एक मजला याला देऊ शकते. ओळखपत्र, बॅज आणि ड्युटी स्लिप बघूनच आत सोडलं की सुरक्षेचा प्रश्नही उरत नाही. उलट गल्लीबोळांत अनोळखी गाड्यांतून झोपलेल्या माणसांपेक्षा नोंद असलेली डॉर्मिटरी पोलिसांनाही बरीच.

काळ्या पाटीची गाडी घेऊन स्वतः चालवत आलेल्या पाहुण्याचा विचार केला की यातला अन्याय लख्ख दिसतो. तोही नऊ तास गाडी चालवून आलेला असतो. हॉटेलात शिरताच किल्ली व्हॅलेच्या हातात देतो, गरम पाण्याने आंघोळ करतो, पांढऱ्या चादरीवर झोपतो, सकाळी नाश्ता करून पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. एवढं चालवल्यावर विश्रांती हवीच, यात कोणाला काही जास्तीचं वाटत नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीतही तेवढेच नऊ तास, तोच रस्ता, तसंच शरीर.

नियम होईल तेव्हा होईल, त्यासाठी ड्रायव्हरांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी रेटा लावला पाहिजे. तोवर या दिवाळीच्या सुटीत जे गाडी करून निघणार आहेत त्यांना एक विनंती आहे. हॉटेल बुक करतानाच फोनवर विचारा, ड्रायव्हरच्या झोपण्याची आणि आंघोळीची सोय आहे का? आठ-दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मॅनेजरला त्याची नोंद घ्यावी लागते. सोय नसेल तर जवळच्या लॉजमध्ये ड्रायव्हरसाठी एक खोली त्याच वेळी बुक करा आणि तिचे पैसे भत्त्यातून न कापता वेगळे द्या. रात्री अकराला पोचलात तर सकाळी साडेपाचची वेळ देऊ नका, साडेआठची द्या.